लश्करच्या गोटांचा नकाशा: आधी खुंटी, मग कोड

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी नावांचा नकाशा या गणपतीत मंडळात लावायचा आणि तोच फोनवरही उघडला पाहिजे, असं काम अंगावर घेतलंय. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि त्या तळाचंच पुढे शहर झालं. म्हणून आमच्या वस्त्यांची नावं अजून छावणीतली आहेत: शिंदे की छावनी, चिटनिस की गोठ, बक्शी की गोठ, आपटे की पायगा. ज्या घरांमुळे ही नावं पडली, त्यातली कितीतरी घरं पुण्या-मुंबईकडे गेली. नावं सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.

इंदूर, बडोदा, देवास, धार, कुठेही कोणी असंच काम काढलं तर त्यांचे दिवस वाचावेत म्हणून या नोंदी. कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलाय, टंकताना तो रोमनमध्येच टंकायचा.

१४ जून २०२५, शनिवार

मंडळाच्या कपाटातून जुनी यादी मिळाली, ६४ नावं. पन्नासेक नावं टाइप केलेली, बाकीची मागच्या वर्षी एका काकूंनी फोनवर भरलेली. माझी आत्या ८४ वर्षांची आहे. यादी वाचून दाखवली तेव्हा तिने नऊ ठिकाणी थांबवलं. "गोठ नाही गं, गोट. सरदाराचा गोट पडायचा तिथे." पाट्यांवर सगळीकडे गोठच लिहिलंय, त्यामुळे दोन्ही ठेवायचं ठरलं.

इंदूरच्या मामेभावाने तिकडच्या वाड्यांचा असाच नकाशा केला होता. त्याने अख्खा फोल्डर पाठवला: लीफलेट १.९.४ (वेबपानावर नकाशा दाखवणारी लायब्ररी), खाली ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचं चित्र, प्रोज४जेएस (नकाशाचे आकडे एका पद्धतीतून दुसरीत नेणारी लायब्ररी) आणि त्याची छोटी छोटी फंक्शनं. "फक्त मधला बिंदू बदल, बाकी सगळं चालेल," म्हणाला. या वाक्यावर विसंबले त्याचे पुढे साधारण बारा दिवस गेले.

१५ जून, रविवार

पान पांढरं. दोन कारणं, दोन्ही जुनीच. नकाशाच्या डिव्हला (पानावरच्या चौकटीला) उंची दिली नव्हती. आणि फाइल डबल-क्लिक करून उघडली होती, तशा पानाला ब्राउझर शेजारची डेटाची फाइल फेच करू देत नाही. फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून पायथनचा एचटीटीपी सर्व्हर एका ओळीत सुरू केला, पान लोकलहोस्टवरून उघडलं. पंचेचाळीस मिनिटं.

१७ जून, मंगळवार

चाचणीसाठी पाच बिंदू हाताने भरले. नकाशा उघडला तर लश्कर रिकामं. लाल ओळ नाही, इशारा नाही. तासभर रंग, थर, आयकॉन तपासत बसले. शेवटी नकाशा पार लहान करत नेला, तेव्हा पाचही बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्डजवळच्या समुद्रात सापडले.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. जिओजेसनमध्ये (नकाशाचे बिंदू साठवायच्या फाइलींची पद्धत) आधी रेखांश आणि मग अक्षांश. लीफलेटला बिंदू हाताने दिला तर आधी अक्षांश. प्रोज४ला परत आधी रेखांश. ओव्हरपासला (ओपनस्ट्रीटमॅपमधून डेटा मागवायची सेवा) चौकट द्यायची तर दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व. जिओजेसनची चौकट पश्चिमेपासून सुरू होते. आपल्याकडे ही चूक लपते, कारण ग्वाल्हेरचे २६ आणि ७८ हे दोन्ही आकडे ९० च्या आतले. ७८ हा अक्षांशही असू शकतो, म्हणून कुठलंच फंक्शन तक्रार करत नाही. ते निमूटपणे गाव आर्क्टिकमध्ये नेऊन ठेवतं.

त्या संध्याकाळी ठरवलं की डोळ्यांवर अवलंबून राहायचं नाही. महाराज बाड्याच्या चौकात मधोमध पुतळा आहे, तो बिंदू पक्का केला (२६.२० उत्तर, ७८.१५ पूर्व याच्या आसपास) आणि त्याला कोडमध्ये नाव दिलं 'खुंटी'. मोजणीदार आधी खुंटी रोवतो आणि मग साखळी धरतो, तसं. डेटा आला की नकाशावर जाण्याआधी प्रत्येक बिंदूचं खुंटीपासून अंतर काढायचं, आणि ५ किलोमीटरच्या बाहेर असेल तर त्या नावाची ओळ पानावर लाल अक्षरात छापायची. अंतरासाठी हॅवरसाइन (गोलावरचं अंतर काढायचं सूत्र), पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर. साइन-कोसाइनला अंश चालत नाहीत. आधी पायने गुणून १८० ने भागायचं. फंक्शन अकरा ओळींचं आहे. या सगळ्या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेला तुकडा हाच, म्हणून पुढच्या नोंदींत तो पुन्हा पुन्हा येणार.

२१ ते २३ जून

टाइप केलेली नावं कृतिदेव ०१० या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होती. मध्य प्रदेशात कचेरीत किंवा दुकानात टाइप केलेलं काहीही जुनं हातात आलं तर बहुधा हेच असतं. फॉन्ट काढला की खाली नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं उरतात. अक्षराला अक्षर लावणारा तक्ता बनवला, बदल केले, आणि पहिलंच नाव आलं: "िचटणीस".

कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर साठवतात. रेफाचं उलटं: कृतिदेवमध्ये तो अक्षर झाल्यावर येतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त आधी. त्यामुळे "मार्ग" हा "मागर्" झाला. नुसत्या तक्त्याने हे सुटत नाही, जागा बदलायला लागते. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात शोधायचा नमुना) असं: पहिली वेलांटी, तिच्यापुढे व्यंजन-हलन्त अशा शून्य किंवा अधिक जोड्या, मग एक व्यंजन, हे सगळं पकडायचं आणि वेलांटी शेवटी टाकायची. जोड्यांचा भाग मी आधी विसरले होते, त्यामुळे "शिंदे" सुधारला पण "स्थिती" बिघडली. रेफासाठी उलट दिशेने: मागचं अक्षर त्याच्या काना-मात्रांसकट पकडायचं आणि रेफ त्याच्या आधी न्यायचा. आधी रेफ, मग वेलांटी असा क्रम ठेवला तर दोन ठिकाणी गोंधळ झाला. वेलांटी आधी केली आणि तो मिटला.

तरी सात नावं हाताने दुरुस्त करावी लागली. पन्नास नावांसाठी कन्व्हर्टर लिहिण्यात तीन दिवस गेले. हाताने टाइप केली असती तर दीड तास लागला असता. आता मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांनाही तोच वापरणार आहे म्हणून पश्चात्ताप नाही. पण तुमच्याकडे शंभराच्या आत नावं असतील तर सरळ टंकून काढा.

फाइल एक्सेलमध्ये नीट दिसावी म्हणून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेली साधी फाइल) 'यूटीएफ-८ बीओएमसह' ठेवली. मग पायथनला पहिल्या स्तंभाचं नाव ओळखता येईना, कारण नावाच्या आधी एक न दिसणारं चिन्ह चिकटलं होतं. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की ते जातं. आणि स्वल्पविरामावर स्वतः तुकडे करू नका. "फालका बाजार, लश्कर" याचे दोन स्तंभ झाले. ब्राउझरमध्ये सीएसव्ही वाचणारी पापापार्स लायब्ररी वापरली.

२८ जून, शनिवार

आज खुंटीच फसली, आणि चूक माझी.

काकूंनी भरलेल्या ओळी जोडल्या. खुंटी म्हणते ६४ पैकी ६४ बरोबर. नकाशावर एकही बिंदू नाही, आणि कन्सोलमध्ये लीफलेट ओरडतंय की अक्षांश-रेखांश अवैध. कारण साधं होतं: काकूंच्या फोनवर मराठी कीबोर्ड, म्हणून आकडेही देवनागरी. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन "२६.२०" ला संख्या मानत नाही, नॅन ('संख्या नाही' ही खूण) देतं. पायथनचं फ्लोट मात्र देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतं. मी आधी पायथनमध्ये तपासलं होतं, म्हणून डेटावर संशय गेलाच नाही.

पण खुंटीने का सोडलं? मी लिहिलं होतं: अंतर ५ पेक्षा जास्त असेल तर नापास. नॅन कशाहूनही मोठा, लहान किंवा कशाइतकाही आहे का असं विचारलं तरी उत्तर 'नाही' येतं. नॅन ५ पेक्षा मोठा नाही, म्हणून पास! अट उलटी लिहायला हवी: अंतर ५ किंवा कमी असेल तरच पास, नाहीतर नापास. दिसायला दोन्ही वाक्यं सारखी, कामाला नाहीत. कुठल्याही चाचणीत 'चांगलं काय' ते लिहावं. 'वाईट काय' ते लिहिलं की न सुचलेली वाईट गोष्ट दारातून आत येते.

आकड्यांचा तुकडा एका ओळीचा: ० ते ९ या देवनागरी अक्षरांपैकी जे सापडेल त्याच्या चारकोडमधून २४०६ वजा करायचे. शून्याचा सांकेतांक २४०६ आहे, बाकीचे ओळीने पुढे.

५ जुलै, शनिवार

मंडळातल्या एका काकांनी सिव्हिल इंजिनीअर म्हणून चाळीस वर्षं मोजण्या केल्या. त्यांनी अकरा जुन्या वास्तूंच्या मोजणीचा कागद दिला. शीर्षकात फक्त ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर), नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर), यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत). आकडे मीटरमध्ये: ईस्टिंग दोन लाख सोळा हजारांच्या जवळ, नॉर्दिंग एकोणतीस लाखांच्या.

मामेभावाच्या फोल्डरमध्ये यासाठी फंक्शन तयारच होतं. अकरा ओळी टाकल्या. खुंटीने अकराच्या अकरा लाल केल्या, प्रत्येकी सुमारे ६०० किलोमीटर लांब. नकाशावर पाहिलं तर आमचे वाडे जोधपूरच्याही पश्चिमेला, वाळवंटात, एकमेकांपासूनची अंतरं अगदी जशीच्या तशी राखून बसलेले.

आधी मी चुकीची दुरुस्ती केली. सगळ्यांचा अक्षांश बरोबर होता, रेखांश मात्र बरोब्बर ६ अंशांनी कमी. मग रेखांशात ६ मिळवून टाकले. बिंदू जागच्या जागी बसले, खुंटी हिरवी. रात्री झोप लागेना. ५.९ नाही, ६.१ नाही, सहाच का?

सकाळी काकांना फोन केला. "काका, कागदावर झोन कुठला धरलाय?" ते म्हणाले, "बाई, ग्वाल्हेर चव्वेचाळीसमध्ये. तू त्रेचाळीस लावलास वाटतं."

यूटीएमचे पट्टे, म्हणजे झोन, सहा-सहा अंशांचे असतात. ७२ ते ७८ पूर्व हा ४३ वा, ७८ ते ८४ हा ४४ वा. इंदूर ७५.८६ वर, बडोदा ७३.२ वर, दोन्ही ४३ मध्ये. ७८ ची रेघ महाराज बाड्यापासून जेमतेम पंधरा किलोमीटर पश्चिमेला जाते आणि आम्ही तिच्या पूर्वेला. मामेभावाच्या कोडमध्ये ईपीएसजी ३२६४३ (झोन ४३ चा सांकेतांक) पक्का लिहिलेला होता. त्याच्या गावाला तो बरोबरच होता. पट्ट्याची मधली रेघ त्याच्याकडे ७५, आमच्याकडे ८१. मधल्या रेघेला ५,००,००० मीटर धरून मोजतात, म्हणून एकच ईस्टिंग दोन पट्ट्यांत दोन गावं दाखवतो, नेमक्या ६ अंशांच्या फरकाने.

रात्रीची ठिगळं काढली. प्रोज४ला व्याख्या स्वतः दिली: प्रोजेक्शन यूटीएम, झोन ४४, डेटम डब्ल्यूजीएस८४, एकक मीटर, नाव ईपीएसजी ३२६४४. आणि झोन यापुढे हाताने लिहायचा नाही म्हणून एक ओळ: रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, खालचा पूर्णांक घ्या, १ मिळवा. खुंटीचा रेखांश घालून पाहिला, ४४ आला.

ग्वाल्हेरच्या लोकांसाठी मुद्दाम: तुमचं काम घाटीगावच्या बाजूला पसरलं तर तिकडचे बिंदू ७८ च्या पलीकडे जातील आणि कोणाचा जीपीएस आपणहून ४३ धरेल. कागदावर आकड्यांच्या शेजारी झोन लिहून घ्या. साठवताना तर अक्षांश-रेखांशच साठवा.

१२ आणि १३ जुलै

काकांच्या अकरा वास्तू सोडून बाकीच्यांसाठी पायी. पाऊस होता. भाची छत्री धरायची, मी फोन.

पानावरच 'इथला बिंदू घे' असं बटण केलं होतं. ब्राउझर ठिकाण सांगतो तो फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर, म्हणून पान आधीच गिटहब पेजेसवर चढवलं, तिथे एचटीटीपीएस फुकट मिळतं. पहिल्या दिवशी २३ बिंदू घेतले. घरी येऊन पाहते तर सहा जोड्या एकमेकांवर, सातव्या अंकापर्यंत सारख्या. कुठूनतरी उचललेल्या तुकड्यात मॅक्सिममएज ६०,००० लिहिलेलं होतं, म्हणजे एक मिनिटापर्यंतचं जुनं ठिकाण चालेल. आम्ही एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत मिनिटाच्या आत पोचत होतो, आणि फोन मागच्या दाराचंच ठिकाण देत होता. ते शून्य केलं. इथे खुंटीचा उपयोग नव्हता. वीस मीटरची चूक ५ किलोमीटरच्या दोरीला कळत नाही.

दुसरी अडचण गल्ल्यांची. गोटांमधल्या गल्ल्या काही ठिकाणी अशा आहेत की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, वर सज्जे. तिथे ॲक्युरसी (किती मीटरची चूक असू शकते तो आकडा) ४०-५० मीटर येते, म्हणजे बिंदू शेजारच्या गल्लीत. एकदा विचारून सोडून देण्याऐवजी वॉचपोझिशन (ठिकाण सतत विचारत राहणारं फंक्शन) एक मिनिट चालू ठेवलं, हाय-ॲक्युरसी चालू, आणि येणाऱ्या वाचनांतलं सर्वांत कमी ॲक्युरसीचं ठेवलं. १५ च्या वर असेल तर बटण पिवळंच राहतं. मिनिट संपल्यावर क्लिअरवॉच करायला विसरले होते, म्हणून पहिल्या दिवशी दुपारी दोनलाच बॅटरी संपली आणि उरलेली दुपार गेली.

तरीही नऊ ठिकाणं पिवळीच राहिली. एका आजींनी गच्चीवर नेलं. "वरून घे, वरून आकाश दिसतं." गच्चीवर ६ मीटर आलं. चहाही झाला, आणि यादीत नसलेलं एक नावही मिळालं.

दशांश स्थळं पाच पुरतात. आमच्या अक्षांशावर एक अंश रेखांश जवळजवळ १०० किलोमीटरचा आहे, म्हणजे पाचवं स्थळ एक मीटर. सातव्या स्थळापर्यंतचे आकडे ठेवले तर नेमकेपणाचा नुसता भास होतो.

२० जुलै, रविवार

घाईत १४ बिंदू मी एका व्यापारी नकाशावर बोट ठेवून उचलले होते. आज ते सगळे काढून टाकले. आमचा डेटा पुढे ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरायचा आहे, आणि तिथे दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवलेलं चालत नाही. पुन्हा पायपीट, एक रविवार.

तिथे भरताना आणखी एक पाळायचं: 'नेम' या रकान्यात पाटीवर आज जे आहे तेच. मराठी रूप चालू वापरात असेल तर 'नेम:एमआर', आत्याच्या आठवणीतलं जुनं नाव 'ओल्ड_नेम'. आपलं नाव प्रेमापोटी पहिल्या रकान्यात घुसवलं तर उद्या कोणीतरी पुसेल, आणि ते बरोबरच असेल. नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख हवाच. लीफलेटच्या टाइललेअरला ॲट्रिब्युशन दिलं की तो येतो. कोपरा मोकळा दिसावा म्हणून तो लपवू नका.

२ ऑगस्ट, शनिवार

शोध. आत्याच्या हातात फोन दिला. तिने "पाटणकर" टंकलं. काही नाही. पाटीवर, म्हणून डेटातही, "पाटनकर बाजार". मग "वाडा". काही नाही, कारण सगळीकडे "बाड़ा". फोन परत दिला. "माझी नावं नाहीत यात." हे ऐकून वाईट वाटलं, कारण नावं तिच्याकडूनच घेतलेली.

म्हणून दोन्ही बाजूंना, टंकलेल्याला आणि साठवलेल्याला, एकाच चाळणीतून काढलं:

आधी नॉर्मलाइझ, एनएफडी (युनिकोडची जोडअक्षरं सुट्या भागांत फोडायची पद्धत). ड़ हा एका सांकेतांकाचाही असतो आणि ड अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असा दोनांचाही. एनएफडीने दोन्ही फुटून सारखे होतात. मराठीतला 'ऱ्या' चा ऱ सुद्धा फुटतो. एनएफसी वापरलं तर ड़ फुटलेला राहतो पण ऱ जोडलेला, म्हणून एनएफडीच. मग नुक्ता आणि न दिसणारे जोडक (झेडडब्ल्यूजे, झेडडब्ल्यूएनजे) काढायचे. मग ळ चा ल, ण चा न, व चा ब. दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व. व्यंजनाआधीचा न् किंवा म् हा अनुस्वार, म्हणजे "शिन्दे" आणि "शिंदे" एक.

व चा ब करताना मन कचरत होतं. पण इथे वाडा आणि बाडा ही एकाच घराची दोन नावं आहेत. पुण्याच्या नकाशाला हा नियम लावायची गरज नाही, ग्वाल्हेरला आहे. चाळणी प्रत्येक गावाची वेगळी.

"फाळके" तरीही सापडेना. ळ चा ल झाला, पण पाटीवर "फालका". शेवटचा स्वर नियमाने बदलायचा तर सगळंच एकमेकांत मिसळेल. तिथे नियम सोडला आणि सीएसव्हीत 'इतर नावे' असा स्तंभ जोडला: फाळके, फालके, फालका. "मांढरे की माता"लाही तसंच, "मांढऱ्यांची देवी" आत्या म्हणते म्हणून. चाळीस टक्के शोध चाळणीने सुटले, उरलेले या स्तंभाने. तो स्तंभ भरायला आत्याजवळ बसावं लागलं, दोन दुपारी. कोडपेक्षा तेच जास्त मोलाचं काम होतं.

जुळलेला भाग पिवळा करताना "फा" पैकी फ पिवळा आणि काना वेगळ्या स्पॅनमध्ये, त्यामुळे काना ठिपक्यांच्या वर्तुळावर बसला. अक्षरांचे तुकडे इंडेक्सने करू नयेत, इंटल.सेगमेंटरला 'ग्राफीम' सांगून पूर्ण अक्षरं घ्यावीत. बिंदूंवरच्या नावपट्ट्यांना मी लाइन-हाइट १ आणि ओव्हरफ्लो हिडन दिलं होतं, त्याने रेफ आणि उकार कापले जात होते. १.६ केलं.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी

मामेभाऊ राखीला आला होता. त्याला झोनची गोष्ट सांगितली. त्याने लगेच स्वतःच्या फोल्डरमध्ये झोन काढणारी ओळ घातली आणि राजवाड्याच्या चौकात स्वतःची खुंटी रोवली.

दुपारी तिघांनी मिळून पायी फेरीचा रस्ता मोजला. काकांकडून मोजणीचं चाक आणलं होतं. चाक म्हणालं २.२ किलोमीटर, पान म्हणालं २.४५. रस्ता काढताना बिंदू वेब मर्केटर या वेबनकाशांच्या सपाट प्रक्षेपात, म्हणजे ईपीएसजी ३८५७ मध्ये नेऊन पायथागोरसने मोजले होते. त्या प्रक्षेपात मीटर विषुववृत्तावरच खरा असतो. उत्तरेला जाल तसा ताणतो, एक भागिले अक्षांशाचा कोसाइन इतका. २६.२ अंशांवर तो ताण १.११ येतो, आणि २.२ ला तेवढ्याने गुणलं की २.४५. चाकाने दाखवलेला फरक अगदी तोच. लीफलेटचंच डिस्टन्सटू वापरलं, ते गोलावर मोजतं. पान आणि चाक जुळले, दहा-बारा मीटरचा फरक राहिला.

फेरीत बहुतेक सत्तरीच्या पुढचे येणार. पाव किलोमीटर त्यांच्यासाठी थोडं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

छपाई. ए३ सनबोर्ड सहा, प्रत्येकी २२० प्रमाणे १,३२० रुपये. ई-रिक्षा ३४०, झेरॉक्स ८५. एकूण १,७४५. होस्टिंग आणि सॉफ्टवेअरला शून्य. वेळ मात्र साधारण ११० तास, त्यातले निम्मे वर लिहिलेल्या चुकांचे. पहिला क्यूआर रंगीत पार्श्वभूमीवर छापला आणि दोन फोनांनी वाचला नाही. पांढऱ्यावर काळा पुन्हा छापून घेतला, दुकानदाराने त्याचे पैसे घेतले नाहीत.

मंडपात नेट कमी पडेल म्हणून छापील नकाशावरही सगळी ७१ नावं. यादी ६४ ची होती, बाकीची सात नावं गल्ल्यांत फिरताना मिळाली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. आरतीनंतर आत्याला खुर्चीवर बोर्डासमोर बसवलं. तिने चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेक वाचत गेली. चिटणिसांच्या गोटाशी बोट थांबलं.

"विहीर इकडे नव्हती. दाराच्या डाव्या हाताला होती. मी लहानपणी तिथून पाणी भरलंय."

तो बिंदू माझा पिवळ्या बटणाचा होता, ॲक्युरसी १९, घाईत स्वीकारलेला. आज सकाळी भाचीबरोबर पुन्हा गेले. शेजारच्या गच्चीवरून वाचन घेतलं, ५ मीटर आलं. दाराच्या डाव्या हाताला, आता जिथे स्कूटर लावतात, तिथे फरशीखाली गोल कठडा अजून जाणवतो. बिंदू चौदा मीटर पश्चिमेला सरकवला, 'इतर नावे'मध्ये आत्या म्हणते ते नाव लिहिलं, आणि फाइल चढवली.